दर पावसाळ्यात टकटक करणारी हार्ड डिस्क: आवाजावरून दोष कसा ओळखला

तक्रार अशी आहे. जुना डेस्कटॉप, विंडोज 98, 40 पिनांची, रुंद पट्टीच्या केबलची जुनी आयडीई हार्ड डिस्क. पावसाळा सुरू झाला की सुट्टीनंतरच्या सकाळी मशीन चालू केल्यावर डिस्क टक्... टक्... टक् करते आणि पडद्यावर सिस्टिम डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. केबल काढून परत खोचली, किंवा मशीन तासभर तसंच चालू ठेवून पुन्हा सुरू केलं, की सगळं ठीक. पंधरा दिवसांनी परत तेच. ऑक्टोबरचं ऊन तापलं की तक्रार आपोआप थांबते, पुढच्या जूनपर्यंत तिची कुणाला आठवण राहत नाही.

हे मशीन गिरगावात, ठाकूरद्वारजवळच्या एका छोट्या डीटीपीच्या दुकानातलं. दुकान चालवणारे काका सत्तरीच्या पुढचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सव मंडळांचे वार्षिक अहवाल ही त्यांची कामं, म्हणजे धंद्याचा मोसम आणि डिस्कच्या तक्रारीचा मोसम एकच. "मशीन बदला" हा सल्ला त्यांना प्रत्येकाने दिलेला आहे. पण त्यांचं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या छोट्या डबीशिवाय, उघडत नाही, आणि वीस वर्षांच्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या दुसरीकडे उघडल्या तर नुसती चिन्हांची रांग दिसते. तेव्हा मशीन राहणार हे धरूनच मी कामाला लागलो.

पहिली चार वर्षं मी चुकीचा उपाय करत होतो. फोन आला की जायचं, कॅबिनेट उघडायचं, दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवायच्या, मशीन चालू व्हायचं, चहा घेऊन निघायचं. एकदा डेटा केबल नवी टाकली, तेव्हा तर खात्रीच झाली की आता झालं. केबल काढून घातल्याने दुरुस्ती झाली असं वाटतं, पण त्या हालचालीत पिनेवरचा मळ थोडा खरवडला जातो एवढंच. महिनाभरात हवा तो परत चढवते. ज्यांची ज्यांची डिस्क "केबल हलवली की चालते" त्यांनी इथे थांबून विचार करावा, कारण दोष नेमका कुठे आहे हे त्या वाक्यातच सांगितलेलं असतं आणि आपण ते ऐकत नाही.

ऐकायचं कसं, ते आधी सांगतो.

डिस्कमध्ये आवाज करणाऱ्या गोष्टी दोनच: तबकड्या फिरवणारी मोटर आणि हेडचा, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या टोकाचा, हात. मोटर मिनिटाला 7,200 फेरे घेत असेल तर सेकंदाला 120 होतात, 5,400 असेल तर 90. तो एकसंध घूं. साधारण 2001 नंतर बॉल बेअरिंगच्या जागी द्रवाची बेअरिंग येऊ लागली आणि हा घूं बराच मऊ झाला. त्याआधीच्या डिस्क शिट्टीसारख्या किंचाळायच्या, आणि वर्षागणिक तो आवाज वाढत जायचा. दुसरा आवाज हाताचा. नव्या-जुन्या बहुतेक डिस्कमध्ये हेडचा हात हलवणारी यंत्रणा म्हणजे एक चुंबक आणि तारेचं वेटोळं, लाउडस्पीकरच्या आत असतं अगदी तेच तत्त्व. म्हणून निरोगी डिस्क काम करताना कुरकुर, कुर्र, कुरकुर अशी बारीक बोलत राहते. या आवाजाला घाबरू नये.

टक् हा आवाज निराळा. हेडला तबकडीवरच्या खुणा वाचता आल्या नाहीत की हात घाईने मागे येतो आणि आतल्या थांब्यावर आपटतो. मग पुन्हा शोध, पुन्हा माघार. हे ठरावीक वेळा करून डिस्क हार मानते आणि मोटर बंद करते. लोक याला थेट "हेड गेलं" म्हणतात. हेड गेल्यावर असा आवाज येतो हे खरं, पण असा आवाज आला म्हणजे हेडच गेलं असं नाही. हेडला वीज नीट मिळाली नाही तरी हात आपटतो, आणि हेडने वाचलेलं डिस्कखालच्या सर्किट बोर्डापर्यंत पोचलं नाही तरी आपटतो.

फरक कळतो तो घूंवरून. टकटक चालू असताना मागचा घूं स्थिर आहे, की दर टक्‌बरोबर तो खाली बसून पुन्हा चढतोय? हा एक प्रश्न मला चार वर्षं सुचला नाही. माझे वडील लोअर परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. शंभर साच्यांच्या गदारोळात एका साच्याचा ठोका बदलला की त्यांना कळायचं, आणि ते म्हणायचे की आवाज ऐकू नको, लय ऐक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या धातूच्या कडेला टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. गॅरेजवाले इंजिन असंच ऐकतात. पंख्याचा आवाज बाजूला पडतो आणि डिस्क स्वच्छ ऐकू येते. टोक खालच्या सर्किटला लागू देऊ नका.

मग एका सोमवारी असं ऐकलं तेव्हा आलं ते असं: घूं चढला, टक्, घूं खाली बसला, परत चढला, टक्, परत बसला. मोटरच दम टाकत होती. म्हणजे हेडपर्यंत जायचं कारणच नव्हतं, दोष विजेत होता.

मग मल्टिमीटर काढला. डिस्कच्या चार तारांच्या पॉवर प्लगमध्ये पिवळी तार 12 व्होल्टची, लाल 5 ची, मधल्या दोन काळ्या. 12 व्होल्ट मोटरसाठी, आणि साडेतीन इंची डिस्क सुरू होताना त्या तारेतून साधारण 2 अँपिअर ओढते. एकदा वेग धरला की गरज बरीच उतरते. म्हणून मशीन चालू झाल्यावर निवांत मोजून उपयोग नाही, पहिल्या आठ-दहा सेकंदांतच मोजायचं. प्लग डिस्कला लावलेला असतानाच मीटरची टोकं मागच्या बाजूने, तार जिथे प्लगमध्ये शिरते तिथे, पिवळ्या-काळ्यात टेकवायची. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, दुसऱ्या मोकळ्या प्लगवर 11.9 आलं आणि डिस्कच्या प्लगवर सुरुवातीलाच 11.0. कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या एटीएक्स मानकात 12 व्होल्टला पाच टक्के सूट आहे, म्हणजे 11.4 च्या खाली जाता कामा नये.

एसएमपीएस चांगला होता, वीज वाटेत मरत होती. कुणीतरी कधीतरी कॅबिनेटच्या पंख्यासाठी मध्ये वाय जोड टाकला होता आणि डिस्क त्याच्या एका फाट्यावर होती. जोड उघडला तर पिवळ्या तारेची पिन काळपट, भोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी. गणित सोपं आहे: 2 अँपिअरला 0.9 व्होल्ट पडतो म्हणजे त्या एका पिनेत अर्ध्या ओहमच्या आसपास अडथळा. मुंबईच्या जुलैत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, दोन दिवस बंद असलेल्या दुकानात त्या पिनेचं आणखी काय होणार? मशीन तासभर चालू राहिलं की आतली हवा गरम होते, दमटपणा उतरतो आणि संपर्क थोडा सुधारतो. वाय जोड काढून टाकला, डिस्क थेट एसएमपीएसच्या प्लगवर घेतली, पंखा दुसरीकडे वळवला. मोजलं: 11.8.

तुमच्याकडे वाय जोड नसेल आणि मोकळ्या प्लगवरही व्होल्टेज पडत असेल, तर एसएमपीएस बदला. आतले कपॅसिटर डोक्यावर फुगले की तो असाच वागतो. डिस्क यूएसबीला जोडायच्या स्वस्त कन्व्हर्टरबरोबर जो चपटा अडॅप्टर येतो, त्याच्याबाबतीतही डोळे उघडे ठेवा. त्यावर 12 व्होल्ट 2 अँपिअर छापलेलं असतं, पण सुरुवातीच्या ओढीला तो टिकत नाही. चांगली डिस्क त्यावर टकटक करते आणि माणूस ती मेली समजून टाकून देतो. लॅमिंग्टन रोडवरून असा कन्व्हर्टर आणलात तर पहिली तपासणी ठणठणीत डिस्कवर करा.

पुढचा पावसाळा शांत गेला. त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला, "अरे, ती परत बोलायला लागली."

मी मीटर घेऊन गेलो आणि पहिल्यांदा वीजच मोजली. 11.8, एकदम ठीक. मग कान लावला. घूं स्थिर होता, जराही हलत नव्हता. त्यावर एकसारखी टक्, टक्, टक्, आठ-दहा ठोके, मग मोटर बंद. बाहेरून ऐकणाऱ्याला मागच्याच वर्षीचा आवाज, पण हा दुसराच आजार होता.

घूं स्थिर आणि ठोके पडतायत म्हणजे हेड, किंवा हेड आणि बोर्ड यांच्यामधली वाट. हेड असेल तर घरी काही करता येत नाही. वाट असेल तर येतं, म्हणून आधी वाट तपासली. डिस्कच्या पोटाखालचं हिरवं सर्किट चार-सहा स्क्रूंवर असतं. स्क्रू चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, टॉर्क्स, त्यांचा ड्रायव्हर नसेल तर चपट्या टोकाने झटापट करू नका. मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला, हात कॅबिनेटच्या धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवलेली, आणि मग बोर्ड अलगद उचलायचा. त्याच्या आतल्या अंगाला ठिपक्यांची एक ओळ दिसते. तबकड्यांच्या बंद डबीतून वर आलेल्या स्प्रिंगच्या पिना त्या ठिपक्यांवर नुसत्या दाबून बसतात, तिथे डाग दिलेला नसतो. हेडने वाचलेला अतिशय क्षीण सिग्नल या दाबावर बोर्डात येतो.

काकांची डिस्क 2007 सालची, 80 जीबीची. युरोपने 2006 मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणल्यानंतर अनेक बोर्डांच्या तांब्यावर शिसं असलेल्या मुलाम्याऐवजी चांदीचा पातळ मुलामा येऊ लागला. देवघरातली चांदीची वाटी पावसाळ्यात किती दिवस चकचकीत राहते ते आपल्याला माहीत आहे. बोर्डावरचे ठिपके अगदी त्या वाटीसारखे झाले होते, काळे, कडेला निळसर झाक.

उपाय: शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर. वाळूचं निळं-लाल नको, ते मुलामा खरवडून काढतं. ठिपके हलक्या हाताने, एकाच दिशेने घासायचे, चमक आली की थांबायचं. चुरा मऊ ब्रशने झाडायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. डबीवरच्या पिनांना बोट लावू नका, एक वाकली तर नवीच भानगड. बोर्ड परत लावताना स्क्रू समोरासमोर थोडे-थोडे आवळायचे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. काही डिस्कमध्ये ठिपक्यांऐवजी खोचणारा जोड असतो, तिथे हे काम लागू नाही.

चालू केलं. घूं, एक छोटा टिक्, आणि मग कुरकुर, कुर्र, कुरकुर. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि काही न बोलता एका मंडळाची अर्धवट राहिलेली पावती उघडली.

डिस्क वाचली, पण दोनदा मरता-मरता वाचलेल्या डिस्कवर वीस वर्षांचं काम ठेवायचं नसतं. त्याच दुपारी कॉपी काढली. टकटकणारी डिस्क चालू झाली की ती शेवटचीच वेळ आहे असं धरून वागा. पहिल्यांदा फायली बाहेर काढायच्या, शोध मग. विंडोजचं डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क किंवा चेकडिस्क अशा डिस्कवर चालवू नका, ते तबकडीवर लिहायला लागतं आणि दुबळ्या हेडला सगळ्यात खराब जागीच पुन्हा पुन्हा नेतं. विंडोजने "फॉरमॅट करायचं का" विचारलं तर नाही म्हणा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू हा डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम वापरा. तो आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि त्यांची नोंद ठेवतो, मग शेवटी त्या जागांकडे परत येतो. नोंदीची फाइल दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवा, मध्येच डिस्क थांबली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

बाकीचे आवाज, ज्यांच्याबद्दल मला नेहमी विचारतात:

अजिबात आवाज नाही, डिस्क लावली की एसएमपीएसच सुरू होत नाही किंवा पंखा नुसता झटका देतो: सहसा बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असतो. उलटा किंवा जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः जळून बाकीचं वाचवतो. डाग देणाऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं काम. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून मात्र डिस्क सहसा चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं बोर्डावरच्या छोट्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतात, ती रॉमही हलवावी लागते.

बारीक टिव्-टिव् किंवा बीप, घूं नाही: मोटर जोर लावतेय पण तबकडी फिरत नाही. बहुधा हेड तबकडीवर चिकटलंय. जुन्या डिस्कमध्ये बंद झाल्यावर हेड तबकडीवरच उतरायचं, आणि दमट हवेतलं पाणी त्या अतिगुळगुळीत पृष्ठभागांमध्ये शिरून त्यांना धरून ठेवतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून ओढून बघा. अशी जुनी हार्ड डिस्क हवाबंद नसते, तिच्या झाकणावर गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं आणि शेजारी "हे झाकू नका" असं लिहिलेलं असतं. त्यातून मुंबईची हवा हळूहळू आत जातेच. डिस्क हातात आडवी धरून मनगटाने झटकन गोल फिरवणं हा जुना उपाय कधी लागू पडतो. ठोकणं कधीच नाही.

दर काही सेकंदांनी एकच मऊ टक्, आणि मशीन व्यवस्थित चालतंय: वीज वाचवण्यासाठी डिस्क हेड बाजूच्या उतारावर ठेवते आणि परत आणते. काही डिस्क फक्त 8 सेकंद रिकाम्या राहिल्या की हे करतात. दोष नाही, पण डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये लोड सायकल काउंट, म्हणजे हे किती वेळा झालं तो आकडा, बघत राहा, बऱ्याच डिस्कला 3 लाखांची मर्यादा दिलेली असते. तिथेच करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेल्या जागा, वाढताना दिसले तर तबकडी खराब होतेय. सीआरसी एरर, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदी, वाढत असतील तर दोष बहुधा डेटा केबलचा, तबकडीचा नाही.

20 एमबीच्या काळातल्या डिस्कची चिरकी किंकाळी: पुष्कळदा बेअरिंग नसतंच ते. पोटाखाली मोटरच्या आसाच्या टोकावर टेकलेली धातूची एक पट्टी असते, स्थिर वीज उतरवण्यासाठी. तिचं टोक झिजलं की ती ओरडते. बोटाने क्षणभर हलकं दाबल्यावर आवाज थांबला तर तीच.

खर्र, घासल्यासारखा आवाज: त्या क्षणी वायर ओढा. हेड तबकडी खरवडतंय, प्रत्येक सेकंदाला डेटाची भुकटी होते आहे. डेटा मोलाचा असेल तर ती डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या माणसाकडेच जायला हवी.

आता एक कळकळीची विनंती. डिस्क फ्रिजरमध्ये ठेवू नका. हा उपाय अजून लोक एकमेकांना सांगतात. जुलैतल्या मुंबईत थंडगार डिस्क बाहेर काढली की बाटलीवर सुटतो तसा घाम तिला सुटतो, बाहेरून आणि आतूनही. हेड तबकडीपासून नॅनोमीटरमध्ये मोजावं लागेल इतक्या अंतरावर तरंगतं, माणसाचा केस त्याच्यापुढे डोंगर. पाण्याच्या एका थेंबाला तिथे जागाच नाही. त्याच कारणाने डिस्कची चंदेरी डबी, म्हणजे तबकड्यांवरचं झाकण, घरी उघडू नका, पंखा बंद करून आणि दार लावूनसुद्धा नाही.

काकांच्या मशीनमध्ये आता 32 जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आहे, आयडीईच्या साध्या अडॅप्टरवर. हलणारा भाग नाही, चिकटायला हेड नाही. जुनी डिस्क 80 जीबीची असली तरी तिच्यावरचा विभाग (पार्टिशन) 20 जीबीचाच होता, म्हणून तो बसला. विभागाची सेक्टर-सेक्टरची नक्कल केल्यामुळे त्याचा क्रमांकही तोच राहिला आणि सॉफ्टवेअरने कुरकुर केली नाही. 1999 च्या आधीचा मदरबोर्ड असेल तर 32 जीबीचंही कार्ड घेऊ नका, 16 पुरे. त्या काळातले बरेच बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारे मूळ प्रोग्राम, 33.8 जीबीच्या पुढची डिस्क दिसली की तिथेच थिजतात, आणि कडेवर चालण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात काका दोनदा म्हणाले की काही ऐकू येत नाही, चालू आहे की बंद तेच कळत नाही. कॅबिनेटच्या पुढचा लाल दिवा वर्षानुवर्षं तुटलेल्या तारेमुळे बंद होता, तो जोडून दिला. आता ते त्याच्याकडे बघतात.

जुनी डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात आहे, सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांबरोबर. दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत परतून, पूर्ण गार करून परत टाकायचे. तांदळाच्या डब्यात डिस्क पुरू नका, तांदळाची पूड छिद्राशी जाऊन बसते. दर तीन महिन्यांनी मी ती अर्धा तास फिरवतो.

आणि तुमची डिस्क आज टकटक करत असेल तर परत परत चालू करून बघू नका. एकदाच चालू करा, मोबाइल कॅबिनेटच्या आत डिस्कला टेकवून पहिल्या 20 सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करा आणि बंद करा. घूं बसतोय की स्थिर आहे, ठोके किती, मोटर शेवटी थांबली का, हे त्यात शांतपणे, हवं तितक्या वेळा ऐकता येतं. दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलात तर त्यालाही आधी हेच ऐकवा.